कानाला सोसवेल एवढा आवाज
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हिंगोलीत दसऱ्याचे प्रदर्शन भरले की सारा जिल्हा लोटतो. आम्ही मात्र अर्ध्या तासात माघारी फिरतो. पाळण्यांचा गडगडाट, भोंगे, झगमगते दिवे, तळणाचा वास, सगळे एकदम अंगावर येते. डोके भणभणते. लोक म्हणतात, "नखरे हायेत, दुसरं काय!" पन्नाशी आली तरी हेच ऐकतो.

बंधूंनो, हा नखरा नाही आणि आजारही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलेन व आर्थर ॲरन यांनी १९९७ साली या उपजत स्वभावावर शोधनिबंध लिहिला. अशा माणसाच्या मनावर आवाज, उजेड, दुसऱ्याचे दुःख खोलवर उमटते, म्हणून तो लवकर थकतो. पण शेजाऱ्याचा उतरलेला चेहराही तोच आधी ओळखतो.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. आम्ही तेच करतो. बाजार सकाळी लवकर उरकतो, गर्दीतून आल्यावर तासभर निवांत बसतो, घरच्यांना न लाजता सांगतो.

आता एक विनंती. १४ एप्रिलची मिरवणूक आम्ही दरवर्षी दाराआडून बघतो. बाबासाहेब आमचेही आहेत, आम्हालाही चालायचे आहे. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहेच. पण नियमासाठी नको, आमच्यासाठी आवाज कमी करा.

एवढे बोलून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!