कालव्यावरच्या बोटवाल्या बाया

कालवा म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आठवतं, पाळी कधी येणार याची काळजी आठवते. आज ज्या कालव्याबद्दल बोलणार आहे तो इंग्लंडमधला, आणि शेतीसाठी नव्हे तर मालाच्या बोटी चालाव्यात म्हणून खणलेला. ग्रँड युनियन कालवा. लंडन ते बर्मिंगहॅम 137 मैल, म्हणजे सुमारे 220 किलोमीटर.

पाणी काही चढ चढत नाही. म्हणून वाटेत 166 ठिकाणी ‘लॉक’ आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला मोठा हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी सोडायचं, की बोट पाण्याबरोबर वर येते. दारं मात्र अंगाच्या जोरानंच लोटायची.

पूर्वी घोडा काठानं चालत बोट ओढायचा. ब्लिसवर्थचा बोगदा जवळजवळ तीन किलोमीटरचा, आत काठच नाही. घोडा टेकडीवरून न्यायचा आणि माणसांनी फळीवर आडवं पडून, भिंतीला पाय लावून बोट पुढं ढकलायची! 1871 पासून तिथं वाफेचे टग आले, टग म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी इंजिनाची बोट. पुढं मालाच्या बोटींवरच इंजिनं बसली. पुढची इंजिनाची, मागून ओढली जाणारी बिनइंजिनाची. मागचीला ‘बटी’ म्हणत. दोन्ही मिळून पन्नास टनांच्या आसपास माल.

या बोटींवर बाया कशा आल्या? रेल्वे आली, कालव्याचं भाडं पडलं. गडी ठेवणं परवडेना, गावात घरभाडं भरणं परवडेना. मग बायकापोरं बोटीवरच राहायला आली. बोट 70 फूट लांब आणि जेमतेम 7 फूट रुंद, त्यातली बहुतेक जागा मालाला. घर म्हणजे मागची दहा फुटांची खोली. त्यातच चूल, त्यातच घडीचा पलंग. तरी दारावर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, पितळ घासून लखलखीत. रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून छपरावर बांधून ठेवायचं. बाई एका हातानं बटीचं सुकाणू धरायची, दुसऱ्या हातानं बटाटे सोलायची म्हटलं तरी चालेल. लॉक आलं की उतरून दारं लोटायची.

पैसे मिळायचे खेपेवर, मालाच्या वजनावर, आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याच्या हातात. बायकोचं नाव हिशेबात नसायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि उचल बहुधा त्याच्या हातात.

बोट थांबली की कमाई थांबली, त्यामुळे आजारपण अंगावरच काढायचं. स्टोक ब्रुअर्न गावात मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिकेनं कालव्याकाठच्या आपल्या घरातच या लोकांसाठी दवाखाना चालवला, गरोदर बायांकडेही पाहिलं. 1951 साली सरकारनं तिला पदक दिलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. माणसं कमी पडली, तेव्हा शहरातल्या शिकलेल्या मुलींना हे काम शिकवलं. एका जोडीवर तिघीजणी. लंडनहून धातूचा माल न्यायचा, परतताना कोव्हेंट्रीकडचा कोळसा आणायचा, साधारण तीन आठवड्यांची फेरी. एक जण सायकलवर पुढं जाऊन लॉक तयार ठेवायची. त्यांच्या बिल्ल्यावर ‘आय डब्ल्यू’ अशी अक्षरं होती, अर्थ अंतर्गत जलमार्ग. कुणीतरी थट्टेनं त्याचा अर्थ लावला ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका. पन्नास टन ओढणाऱ्या रिकामटेकड्या! पण या मुलींना आठवड्याचा पगार होता, ज्याचा त्याचा हातात. मला खटकतं ते इथंच. काम तेच, लॉक तेच, सुकाणू तेच. बाहेरून आली तर कामगार, घरची असली तर नवऱ्याची बायको.

या मुलींवर पुस्तकं निघाली. बोटीवर जन्मलेल्या कित्येक बायांना वाचता येत नव्हतं, सतत फिरती असल्यानं शाळाच झाली नाही.

1963 च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि बराच धंदा बसला. लांब पल्ल्याची शेवटची नियमित खेप 1970 साली बंद झाली. लंडनजवळच्या साउथॉलमध्ये जॅमचा कारखाना होता, त्याला कोळसा जायचा. त्या शेवटच्या बोटींवरही नवरा-बायको दोघं मिळूनच काम करत होते.