परक्याचें घर आणि आपला पैसा

कारंजा तालुक्यांतील धनज गांवीं पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मला विचारलें, “भाऊ, आमच्या कापसाले भाव नाई, अन् सरकार परमुलखात लोकायचे घरं कायले बांधते?” प्रश्न रोखठोक आहे, त्यास उत्तर देणें भाग आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, दूरचें युद्ध दूर राहत नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. १८६५ सालीं युद्ध संपलें, तसे ते उतरलेही. ज्यानें त्या युद्धाचें नांवही ऐकलें नव्हतें, त्याच्या पदरीं त्याचें फळ पडलें.

दुसरी गोष्ट कायद्याची. महायुद्धानें युरोप उद्ध्वस्त झाल्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल ह्यांनीं १९४७ च्या जून महिन्यांत मदतीची कल्पना मांडली. परंतु केवळ कल्पनेनें कोठार उघडत नाहीं. तेथील काँग्रेसनें वाद घालून कायदा केला व ३ एप्रिल १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रुमन ह्यांनीं त्यावर सही केली. पुढें चार वर्षांत सुमारें १३०० कोटि डॉलरची मदत झाली. मदत घेणाऱ्या देशानें करार करावा, फुकट मिळालेल्या मालाच्या किंमतीइतकी रक्कम आपल्या चलनांत निराळ्या खात्यांत ठेवावी आणि ती उभयतांच्या संमतीनें खर्चावी, असें बंधन होतें. त्यांत औदार्य होतें, तसाच स्वार्थही होता. पण दोहोंचा हिशेब उघड्यावर मांडला गेला.

आपल्याकडे परदेशी मदतीचा निराळा कायदा नाहीं. राज्यघटनेच्या ११४ व्या कलमान्वयें विनियोजन कायद्यावांचून संचित निधींतून पैसा निघत नाहीं. परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणींतच ही रक्कम मंजूर होते. मात्र लोकसभेंत पुष्कळ मागण्या चर्चेवांचूनच संमत होतात, हें विसरतां कामा नये.

श्रीलंकेंतील युद्ध २००९ च्या मे महिन्यांत थांबलें. नंतर भारतानें तेथें ५०,००० घरांची योजना हातीं घेतली. बहुतेक पैसा थेट घरमालकाच्या खात्यांत, काम पुढें सरकेल तसा, हप्त्यांनीं जमा झाला व ज्याचें घर त्यानेंच बांधलें. घरकुलाचा हप्ता घेणाऱ्या धनजकरास ही रीत परकी नाहीं. उलट काबूल येथें आपण संसदभवन बांधून दिलें. २०१५ सालीं त्याचें उद्घाटन झालें, आणि २०२१ सालीं तालिबानची सत्ता येऊन निवडून आलेली संसदच उरली नाहीं. पैशानें भिंती उभ्या राहतात. त्यांच्या आंतील कारभार पैशानें उभा राहत नाहीं.

म्हणून मीं त्या वृद्धास सांगितलें, “बाबा, शेजाऱ्याचें घर जळत असतां पाणी द्यावें, पण किती घागरी दिल्या व त्या आगीवरच पडल्या कीं नाहीं, हें मोजावें.”

तो म्हणाला, “मंग मोजून आमाले कोन सांगते?”

श्रोतेहो, हा प्रश्न मदतीच्या विरुद्ध नाहीं. तो आपल्या प्रतिनिधींस विचारावयाचा आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार त्या पारावरच्या माणसाचा आहे.