खाटेवरचे वजन

मांडीचे हाड मोडून महिनोन् महिने खाटेवर पडलेली माणसे आम्ही वस्तीत पाहतो. हालचाल बंद, खाणे चालू. त्यात भेटायला येणारा प्रत्येकजण बिस्किटे, फरसाण आणतो. मग वजन वाढते, वॉकर पेलवत नाही आणि उचलून बसवणाऱ्या घरच्या बाईची कंबर जाते. म्हणून उपास करावा काय? मुळीच नाही. हाड सांधायला प्रथिने, कॅल्शियम लागते. उपाशीपोटी चरबीबरोबर स्नायूही झडतात. अंडी, मटकीची उसळ, ताक, नाचणीची भाकरी राहू द्या. तळण आणि चहातली साखर काढा. डॉक्टरांना विचारून बसल्या बसल्या पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचला. एक बाटली म्हणजे साधारण एक किलो. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. भेटीला जाताना फळे न्या, तीही बेतानेच.