चालत्या यंत्राची बदली



माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण पिंपरीच्या कारखान्यांच्या दारांवर, रात्रपाळीच्या चहाबरोबर झाले. असा माणूस संगणकावर बोलायला का उभा राहिला, अशी शंका आपल्या मनात आली असेल. त्याचे कारण एका मुलाची नोकरी आहे. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी विषय समजून घेऊ.

चाकणच्या पट्ट्यात आज मोटारीचा एखादा सुटा भाग तयार होतो, तेव्हा त्याचा क्रमांक, तपासणीची नोंद, माल पाठवण्याचे चलन, हे सारे सर्व्हर नावाच्या संगणकाच्या ताब्यात असते. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर लागे. आता एका दणकट सर्व्हरच्या पोटात दहा-वीस संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. चाळ एक, बिऱ्हाडे अनेक. आणि प्रत्येकाला वाटते, सारी चाळ आपलीच! ही कल्पना तशी जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली ती आपल्या मोठ्या संगणकांबरोबर बाजारात आणली. अशा चार-सहा चाळी एकमेकींना जोडल्या की त्याला क्लस्टर म्हणतात.

आता एका चाळीची डागडुजी निघाली तर बिऱ्हाडांचे काय? ती दुसऱ्या चाळीत हलवायची. पण चूल विझवायची नाही, भाकरी तव्यावरच ठेवून हलवायची! २००३ पासून व्हीएमवेअरच्या मालात ही सोय आली. २००५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी आपल्या प्रयोगात दाखवले, की अशा हलवाहलवीत एका खेळाचा सर्व्हर जेमतेम ६० मिलिसेकंद थांबला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हे साधते कसे? दोन्ही चाळींचे कोठार सामायिक ठेवतात, म्हणून जड सामान हलवावे लागत नाही. हलवायची ती फक्त स्मरणशक्ती. यंत्र चालू असतानाच तिचे एकेक पान तारेवरून दुसरीकडे उतरवून घेतात. तेवढ्यात काही पाने बदललेली असतात. ती पुन्हा उतरवतात. असे करत थोडीच पाने उरली की क्षणभर यंत्र थांबवून ती नेतात, आणि ते तिकडे सुरू होते. सुरू होताच जाळ्यात दवंडी पिटली जाते, की माझा मुक्काम आता इथे आहे.

मग घोडे अडते कुठे? एक हिशोब पाहा. ६४ गिगाबाइटची स्मरणशक्ती आहे आणि तार एक गिगाबिटची आहे. अशी तार सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहते. म्हणजे पहिल्या फेरीलाच साडेआठ-नऊ मिनिटे हवीत. आणि यंत्र जर सेकंदाला १५० मेगाबाइट पाने बदलत असेल, तर ही नक्कल कधीच पुरी होणार नाही. गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखेच ते! उपाय साधे आहेत. कामाची गर्दी ओसरल्यावर हलवा. या कामाला रुंद, स्वतंत्र तार द्या. नाही तर बेत रद्द करा. बाकीची दुखणी आधीच तपासता येतात. नव्या चाळीत जागा पुरेशी आहे ना? तिथून कोठार दिसते ना? जाळ्याची नावे दोन्हीकडे सारखी आहेत ना? दोन्हीकडचे प्रोसेसर एका पिढीचे आहेत ना? जुन्या सर्व्हरला एखादी किल्ली किंवा चकती अडकवलेली नाही ना?

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. नक्कल अर्धवट अडली, तरी मूळ यंत्र जुन्या जागी चालूच असते. तेव्हा ती रद्द केली तर नुकसान होत नाही. नुकसान करते ती घाई.

आता त्या मुलाची हकीकत. चाकणच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे होता. दुसरी पाळी भरली, रिलीव्हर आला नाही, म्हणून तिसऱ्या पाळीलाही तोच थांबला. महिनाअखेरची रात्र, हिशोबाचे यंत्र जोरात चालू, आणि नेमके तेच हलवायचा हुकूम. नक्कल अडली. फोनवरून वरिष्ठ ओरडले, "बंद करून पुन्हा चालू कर!" त्याने केले. हिशोबाच्या नोंदी अर्ध्यावर तुटल्या, लाइन सकाळपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मुलाचा गेटपास काढून घेतला, आरोप, निष्काळजीपणा.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, यंत्र तर चालूच होतं हो. मी ते बंद करायला नको होतं."

मी म्हणालो, "असं बोलून दाखवू नकोस. नोंदवही काढ."

सर्व्हर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. ती छापून आम्ही चौकशीत मांडली. यंत्र बंद होईपर्यंत एकही काम थांबले नव्हते. आणि फोनची वेळ बंद करण्याच्या दोनच मिनिटे आधीची होती. गेटपास परत मिळाला. मधल्या पंधरा दिवसांची मजुरी मात्र मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे.

बंधूंनो, शहाणा मालक तीन सर्व्हर घेतो आणि प्रत्येक दोनतृतीयांशच भरतो. एक आडवा पडला, तर उरलेले दोघे त्याचा भार उचलतात. रिकाम्या जागेचा हा खर्च कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मग त्याच खोलीत सोळा तास उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे दुसरा माणूस का नसावा? गिरणीच्या दारात बदली कामगार रोज तिष्ठत उभा असे. त्याला कामाची शाश्वती नव्हती. आज यंत्राला बदली आहे, माणसाला नाही. यंत्राला दिलेली ही सवड माणसालाही द्या, एवढेच माझे मागणे आहे. ती दिलीत तर यंत्रेही कमी बंद पडतील.