न्हाणीघरातील टाइलवर टाइल

न्हाणीघरातल्या टाइल जुन्या झाल्या की मिस्त्री म्हणतो, "फोडायच्या कशाला? त्यांच्यावरच नव्या बसवू." म्हणणे चूक नाही, पण आधी भिंत काय म्हणते ते ऐकावे.

नाण्याने एकेक टाइल ठोकून पाहा. खणखणीत वाजली तर पक्की. बद्द वाजली तर मागे पोकळी. ती काढून तेवढी जागा गिलाव्याने भरावी. बऱ्याच बद्द वाजल्या, किंवा ओल असली, तर सगळ्याच उतरवाव्या. आपल्या कामठीची छावणी १८२१ सालची. गाव जुने, तशी काही घरेही. भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर दुहेरी वजन टाकूच नये. चौरस मीटरला पंधरा-वीस किलो वाढतात, बरं का! जुनी टाइल सुटली की नवीही तिच्यासकट खाली येते, आणि खाली पोर आंघोळीला बसलेले असते.

खरी गोम सिमेंटची. ते बारीक छिद्रांत शिरून धरते. चकचकीत टाइलला छिद्रेच नाहीत, मग धरणार कशाला? म्हणून साबणाचा थर धुण्याच्या सोड्याने काढा, चकाकी खरवडा आणि टाइल चिकटवण्याचा तयार मसाला घ्या. पिशवीवर आय. एस. १५४७७ हा क्रमांक आणि 'टाइलवर टाइल' ही नोंद पाहावी. मसाला दातेरी थापीने सगळीकडे पसरावा. मधोमध गोळा ठेवून टाइल दाबणे नको. दोन-तीन मिलिमीटरचे सांधे सोडा. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांवर जातो, टाइलला फुगायला जागा हवी.

भिंत सेंटिमीटरभर पुढे येते. तेव्हा नळाचा जोड आणि दाराची चौकट आधीच मोजून घ्यावी.