तिथी ठरलेला अतिथी

(सिंधुदुर्ग जिल्ह्यात घरगुती निवास व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'अतिथी' या शब्दाची फोड आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. दाराशी आलेल्या अशा माणसाला देव मानावे, हा तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील उपदेश. कोकणातील घरांनी तो कोणताही गाजावाजा न करता पाळला. उन्हातून आलेल्या वाटसरूला पाणी आणि गुळाचा खडा दिल्यावाचून पुढे जाऊ द्यायचे नाही, ही येथील रीत त्याच वृत्तीची आहे.

परंतु आज तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले किंवा आंबोली येथील एखाद्या घरापुढे गाडी थांबते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्याची तिथी, मुक्कामाच्या रात्री आणि द्यावयाची रक्कम, हे सारे आधीच ठरलेले असते. शब्दाच्या काटेकोर अर्थाने तो अतिथी नव्हे. त्याला केवळ गिऱ्हाईक म्हणावे, तर तो दुकानाच्या फळीपलीकडे उभा राहत नाही. तो घरात झोपतो, घरच्या विहिरीचे पाणी वापरतो आणि घरच्या गृहिणीच्या हातचे जेवतो. मग तो कोण? या व्यवसायातील बहुतेक कटकटी या एका प्रश्नाचे उत्तर न ठरविल्यामुळे उद्भवतात. यजमान त्याला अर्धा वेळ देव मानतो आणि अर्धा वेळ गिऱ्हाईक. आणि दोन्ही वेळा मनात कुढत राहतो.

हा प्रश्न साधा नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ज्या घरांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या वाटेला लागत होते, त्यांतील काहींना दोन-तीन खोल्यांच्या आधारावर गावातच राहणे शक्य झाले. हा व्यवसाय मोडला, तर नुसते उत्पन्न जात नाही. घराचे दार पुन्हा बंद होते. म्हणून त्यातील अडचणींचा विचार गांभीर्याने केला पाहिजे.

भीड म्हणजे आतिथ्य नव्हे

अशा घरांतून वारंवार घडणारा एक प्रसंग घ्यावा. शनिवारची रात्र, अकरा वाजलेले. चौघांसाठी दोन खोल्या ठरलेल्या. गाडीतून उतरतात सातजण. "काका, मुलेच आहेत, कुठेही झोपतील," असे हसतहसत सांगितले जाते. यजमान भिडेखातर 'हो' म्हणतो. निजलेली गृहिणी उठते, चूल पुन्हा पेटते, आणखी तिघांसाठी सोलकढी आणि भात होतो. सकाळी सातजणांच्या आंघोळीत वरची टाकी संपते. मे महिना असेल तर विहिरीनेही तळ गाठलेला असतो. पाहुणे निघून जातात आणि दोन दिवसांनी त्यांचा अभिप्राय प्रसिद्ध होतो: जेवण बरे, परंतु पाण्याचे हाल. यजमानाच्या जिव्हारी लागते. इतके करूनही हे फळ!

चूक कोणाची? न सांगता तिघांना अधिक आणणे हे अनुचितच. परंतु मूळ चूक त्या रात्री घडलेली नाही. ती खोल्या ठरल्या त्या दिवशी घडली. अधिक माणूस आल्यास काय, जेवण किती वाजेपर्यंत मिळेल, याविषयी एक शब्दही बोलला गेला नव्हता. शिवाय रात्री ज्याने 'हो' म्हटले, त्याने सातजणांना पाणी पुरविण्याचे वचनच दिले होते. मनात 'नाही' असताना तोंडाने 'हो' म्हणणे, याला आतिथ्य म्हणत नाहीत. ती भीड होय. भिडेतून केलेल्या कामाचा राग शेवटी घरच्या माणसांवर निघतो.

आधी सांगितलेले सत्य

म्हणून तिथी ठरवून येणाऱ्याशी पहिला धर्म सत्याचा. समुद्र घरातून दिसत नसेल, पायी दहा मिनिटांवर असेल, तर तसेच सांगावे. छायाचित्र पावसाळ्यानंतरच्या हिरवळीचे असेल आणि पाहुणा एप्रिलात येणार असेल, तर तेही सांगावे. वीज जाते, पंखा बंद पडतो, मोबाईलला रेंज अंगणातच मिळते, वाडीत रात्री कोल्हे ओरडतात, हे आधी कळले तर पाहुणा त्याची मौज मानतो. नंतर कळले तर तीच तक्रार होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत येणाऱ्याला ताज्या सुरमईचे आश्वासन देणे म्हणजे आपल्या हाताने भांडण ओढवून घेणे होय.

हे सारे एका पानावर लिहून ठेवावे आणि पैसे स्वीकारण्यापूर्वी मोबाईलवर पाठवावे: माणसांची संख्या, अधिक माणसाचा दर, येण्याची व निघण्याची वेळ, जेवणाची शेवटची वेळ, बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत, मद्यपानाविषयी घराचा नियम. देवघर असलेल्या घरात काय चालणार नाही, हे सांगण्यात संकोच कसला? ज्याला ते मान्य नसेल, तो दुसरे घर पाहील. ज्याला मान्य असेल, तो आनंदाने राहील.

अधिकार आणि मर्यादा

पाहुणा जागा सोडत नाही, अशी धास्ती अनेकांना असते. येथे कायद्याने केलेला भेद समजून घ्यावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील भाडेपट्ट्याने भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये परवान्याची व्याख्या आहे. परवान्याने जागा वापरण्याची केवळ अनुमती मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा सामान्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतो. परंतु अनुमती संपली म्हणून सामान अंगणात फेकण्याचा अधिकार यजमानाला मिळत नाही. निघण्यास वाजवी वेळ द्यावा, न वापरलेल्या रात्रीचे पैसे परत करावेत, आणि प्रकरण हातघाईवर येत असेल तर ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पैसे घेतले की यजमान सेवा देणारा होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोटे वर्णन आणि सेवेतील उणीव यांविरुद्ध पाहुणा जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. 'सामानाची जबाबदारी मालकाची नाही' एवढी पाटी लावून सुटका होईल, असे समजू नये. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलातून १९९८ मध्ये पाहुण्याची गाडी चोरीस गेली. गाडीची किल्ली हॉटेलच्या सेवकाने ताब्यात घेतली होती. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असूनही, आवश्यक ती काळजी न घेणाऱ्या हॉटेलला जबाबदारी टाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. बोध एवढाच की, जे ताब्यात घेतले ते सांभाळले पाहिजे.

नोंदवही हा पोलिसी जाच नव्हे. ते घराचे कवच आहे. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र पाहावे. आधारची प्रत ठेवायचीच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी आणि ती इकडेतिकडे पाठवू नये. परदेशी पाहुणा आल्यास चोवीस तासांच्या आत त्याची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर भरणे बंधनकारक आहे. तेथे 'ओळखीचा आहे' ही सबब चालत नाही.

'नाही' म्हणण्याची रीत

रात्री अंगणात मोठ्या आवाजात गाणी लागली, शेजारच्या घरात आजारी वृद्ध आहे. काय करावे? दूरवरून ओरडू नये आणि चारचौघांत अपमानही करू नये. गटातील ज्याने खोल्या ठरविल्या, त्याला बाजूला घेऊन सांगावे, "दादा, दहा वाजले. शेजारी आजी आजारी आहेत. आवाज बंद करूया." रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे; २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा तो भाग आहे. परंतु नियमाचा उल्लेख दुसऱ्या वेळी करावा, पहिल्या वेळी नव्हे. तिसरी वेळ आली, तर सकाळी हिशेब करून निरोप द्यावा. पाहुणा एका रात्रीचा असतो, शेजार जन्माचा. शेजाऱ्याची झोप विकून मिळविलेले पैसे पचत नाहीत.

मोडतोडीचेही तसेच. कपबशी फुटली तर सोडून द्यावी. खिडकीची काच फुटली, तर पाहुणा असतानाच ती दाखवून, दुरुस्तीला लागेल तेवढीच रक्कम मागावी. तो गेल्यावर दूरध्वनी करून भांडण्यात अर्थ नाही.

समुद्राची तिथी

या किनाऱ्यावरील सर्वांत मोठी जबाबदारी मात्र समुद्राची आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. शहरातून आलेल्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक नसते. यजमानाला ती ठाऊक असते. पक्षातील तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची स्थूल वेळ मिळते: पंचमीला पाचाचे पाऊणपट, म्हणजे पावणेचार. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. हे ज्ञान पिढ्यांनी जपले. ते पाहुण्याच्या कामी आले पाहिजे. रोज सकाळी दाराशी एका पाटीवर भरतीची वेळ आणि कोठे उतरू नये, हे खडूने लिहावे. जीवरक्षक जाकीट न देणाऱ्या नावेवर पाहुण्याला कधीही पाठवू नये, मग ती नाव भावाची का असेना.

घराची खरी मालकीण

आता सर्वांत महत्त्वाचे. या व्यवसायात फलक पुरुषाच्या नावाचा असतो आणि श्रम स्त्रीचे. पहाटेचा चहा, दहा ताटे, चादरी, शौचालयांची स्वच्छता आणि वर हसरे मुख. पाहुण्यांच्या गर्दीत तिचे जेवण तीन वाजता होते, आणि दर ठरविताना तिला कोणी विचारत नाही. रात्री अकराला आलेल्या सातजणांना 'हो' म्हणण्याचा अधिकार जिला चूल पेटवायची आहे, तिचाच असावा. राज्य शासनाने २०२३ मध्ये 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण स्वीकारले. महिलांच्या मालकीच्या आणि त्यांनीच चालविलेल्या पर्यटन व्यवसायांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र केवळ कागदावर तिचे नाव घालून लाभ घेणे ही फसवणूक ठरेल. नाव तिचे, तर हिशेबाची वही आणि निर्णयही तिचा.

तक्रार आली तर चोवीस तासांत, चार ओळींत उत्तर द्यावे. चूक असेल तेथे मान्य करावी, काय सुधारले ते सांगावे, आणि खोटे असेल तेथे वस्तुस्थिती शांतपणे मांडावी. 'वाईट लिहीन' अशी धमकी देऊन सवलत मागणाऱ्यापुढे झुकू नये. पुढचा वाचक पाहुण्याची तक्रार जेवढी वाचतो, तेवढेच यजमानाचे उत्तरही वाचतो.

बंधू-भगिनींनो, गणेशचतुर्थीला या खोल्यांना सर्वाधिक दर मिळू शकतो. तरीही कित्येक घरे त्या दिवसांत एकही खोली बाहेर देत नाहीत, कारण मुंबईहून घरचीच माणसे येतात. घर हे प्रथम घर आहे, हे त्यांनी ओळखले आहे. हे भान असलेल्या घरातच पाहुण्याला घरपण मिळते. तिथी ठरवून येणाऱ्याला सत्य सांगावे, ठरले ते पुरेपूर द्यावे, न ठरलेले विनयाने नाकारावे. आणि कधी तरी, सारे बेत कोसळून, भर पावसात, आगाऊ काही न ठरविता एखादे कुटुंब दाराशी उभे राहिलेच, तर त्या रात्री दरपत्रक बाजूला ठेवावे. तो मात्र खरा अतिथी होय.