नाकाबंदीतून वाट काढणारे 'पूल'



आरएमएसमधल्या माणसाला पाकीट फोडावे लागत नाही. आकार आणि पत्ता पाहून अंदाज येतो. इंटरनेटवर पाळत ठेवणारी यंत्रेही तेच करतात. मजकूर सांकेतिक असला तरी ठेवणीवरून तो 'टॉर'चा आहे हे ओळखून अडवतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि इराण पेटला. ऑक्टोबरात असलुयेचे कंत्राटी पेट्रोकेमिकल कामगारही संपावर गेले. सरकारने व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम बंद केले. तेव्हा हजारोंनी टॉरचा 'स्नोफ्लेक' धरला. तो व्हिडिओ कॉलसारखा दिसतो आणि परदेशातल्या स्वयंसेवकाच्या ब्राउझरमधून पुढे जातो. दुसरा पूल 'ओबीएफएस४'. तो ओळखीची खूणच पुसतो.

टॉर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन' उघडून पूल निवडायचा. ओबीएफएस४चे आयते पत्ते सरकारलाही ठाऊक असतात, म्हणून स्वतंत्र पूल मागवावा. आलेली ओळ जशीच्या तशी चिकटवावी. एक अक्षर गळले तरी गाडी सुटत नाही. संगणकाचे घड्याळही बरोबर हवे. (रेल्वेवाल्यांना हे काय सांगायचे!)

मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणने सुमारे आठवडाभर जवळजवळ सगळे इंटरनेटच तोडले होते. रूळच उखडल्यावर पूल काय करणार?

आपली लाईन चालू आहे. आम्ही युनियनच्या कचेरीतल्या ब्राउझरला स्नोफ्लेकची जोडणी बसवली आहे. तिकडच्या माणसाने उघडलेल्या साइटवर आपला पत्ता उमटत नाही, कारण वाहतूक पुढे टॉरमधून जाते. शाखांनीही ती बसवावी.